ज्येष्ठतेनुसार रांग

आमच्या शाळेत खेळाचा तास म्हणजे सार्वजनिक मालमत्ता होती. पोर्शन राहिला की गणिताचे सर तो मागून नेत आणि मीही मुकाट्याने देत असे. आठवी ब तर दिवाळीपासून मैदानावर उतरलीच नव्हती. उरलेल्या तासांत तरी मी काय करायचो? उंचीप्रमाणे रांग, हजेरी, सावधान, विश्राम. घंटा होता होता निवडक दहाजणांच्या हाती चेंडू. बाकीची पोरं उन्हात उभी. सोळा वर्षं मी हे केलं, याची आता लाज वाटते.

यंदा ठरवलं, रांग बंद, प्रत्येकाच्या हाती चेंडू आणि तास कुणालाही द्यायचा नाही. पण वेळापत्रकाला सगळ्या स्टाफच्या सह्या लागत होत्या. स्टाफरूममध्ये मी तावातावाने बोललो. सगळ्यांनी बसल्या जागी व्यायामाला पाठिंबा दिला, सही कुणीच केली नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "उद्या मधल्या सुट्टीत मैदानावर या. पोरांना मिळतो तसा तास तुम्हाला देतो."

आले बिचारे. मी सांगितलं, "उंचीप्रमाणे रांग करा." घोटाळा तिथंच झाला. शिक्षक कधी उंचीने उभे राहतात का? ते सेवाज्येष्ठतेने उभे राहू लागले. गणिताच्या सरांच्या पुढे विज्ञानाच्या मॅडम जाऊन उभ्या राहिल्या.

"मी तुमच्या आधी रुजू झाले, सर."

"पण तुमच्या नेमणुकीला सरकारी मान्यता नंतरची हाय की."

मुख्याध्यापिकाबाईंनी सेवापुस्तकं मागवली. लिंबाखाली पानं उलटली गेली, तारखा मोठ्याने वाचल्या गेल्या. आठवी ब पायऱ्यांवर खिचडी खात हे सगळं बघत होती. रांग लागली, मी हजेरी घेतली, सावधान म्हणालो आणि घंटा झाली.

"संपला तास," मी म्हणालो.

"अहो, पण आमी खेळलो कुटं?" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. बहुधा सगळ्यांना एकदमच कळलं असावं.

गणिताच्या सरांनी जाळीतला एक चेंडू काढून हातात धरला. "लहानपणी मला कुनी टीममध्ये घेतलंच न्हाई," ते म्हणाले. मग पायऱ्यांकडे बघत, "आता आठवी ब ला माझं गणित हाय. तो तास तुमी घ्या. पोर्शनचं बघू नंतर."

मी शिट्टी वाजवली. पोरं ताटल्या टाकून धावत आली आणि माझ्यासमोर न सांगता उंचीप्रमाणे रांगेत उभी राहिली. त्यांना तिथून हलवायला मला बराच वेळ लागला.