दीर्घिकांची कोठी

संस्थेत सगळे तिला कोठीवाली म्हणत. संगणकात रचलेलं एक अख्खं विश्व, त्यात वायूचे ढग गोळा होऊन दीर्घिका कशा घडत गेल्या त्याचे अवाढव्य आकडे, सगळं तिच्या ताब्यात. जगातला कुणीही मागेल, त्याला ते फुकट द्यायचं, हे तिचं काम. नणंद म्हणायची, "खोटं विश्व वाटतेस आणि वर पगार घेतेस?" तिच्याशी वाद घालण्यात काही हशील नव्हता.

द्यायला तिची ना नव्हती, पण घेणारे डोळे मिटून घेत. या आकड्यांतली अंतरं एका ठरावीक गुणकासकट लिहिलेली असतात. त्या गुणकानं भागलं की खरं अंतर मिळतं. एवढं साधं भागायचं, पण कुणी करेल तर शपथ! मग रोज तक्रारी. तुमच्या दीर्घिका आक्रसल्यात, तुमचं विश्व चुकलंय. तेच तेच सांगून तिचं डोकं पिकलं. शेवटी तिनं खपून माहितीचं एक पान लिहिलं, चित्रं काढली, उदाहरणं सोडवून दाखवली आणि ते असं दारातच लावलं की त्याच्यावरून गेल्याशिवाय आकडे मिळूच नयेत. तक्रारी थांबल्या. तिला पहिल्यांदाच गरम चहा प्यायला मिळू लागला.

आणि मग साठवणुकीची बैठक आली. संगणकात आकडे ठेवायला जागा अपुरी पडत होती. प्रमुख म्हणाले, या विश्वाबद्दल हल्ली कुणी चकार शब्द विचारत नाही, तेव्हा ते पुसून नव्याला जागा करू. हे आकडे रोज किती वेळा उतरवून घेतले जातात ते तिनं दाखवलं, तर प्रमुख म्हणे, त्यात निम्मी तर जाळ्यावर आपोआप फिरणारी यंत्रंच येऊन हुंगून जातात, जिवंत माणसं दाखवा. ज्या महासंगणकावर हे विश्व घडलं तो कधीच भंगारात गेला होता. पुसलं की ते कायमचं गेलं असतं.

तिचा नुसता संताप झाला. काम नीट केलं तेच अंगाशी आलं होतं. तिनं वापरणाऱ्यांना विनंती धाडली, निदान दोन ओळी तरी लिहा म्हणून. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ज्यांचं काम अडत नव्हतं ते कशाला लिहितील?

दुसऱ्या दिवशी तिनं ते पान काढून टाकलं. त्या जागी एकच ओळ ठेवली: वापरण्यापूर्वी आम्हाला विचारा.

पत्रांचा नुसता पाऊस पडला. जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तोच प्रश्न घेऊन आली आणि ती दात-ओठ खात एकेकाला उत्तर देत बसली. चहा पुन्हा गार होऊ लागला.

पुढच्या बैठकीत तिनं तो ढीग प्रमुखांपुढे ठेवला. ते बराच वेळ चाळत राहिले. मग पुसण्याचा ठराव त्यांनी स्वतःच मागे घेतला आणि तिच्याकडे जरा नाराजीनंच पाहिलं.

"अहो, सगळे एकच तर विचारतायत. तुम्ही यांच्यासाठी माहितीचं एखादं पान का लिहीत नाही?"

तिनं पत्रांचा ढीग उचलून कवेत घेतला.

"बघते, सर," ती म्हणाली.