तुंगारेश्वरचं भेकर आणि आम्ही तिघं

हरणांचे फोटो काढायला जाणाऱ्या माणसाकडे फोटो कमी आणि किस्से जास्त साठतात. आमचा अल्बम अजून अर्धा रिकामा आहे, पण कुणी चहाला आलं की आमचं बोलणं आवरत नाही.

आम्ही तिघं. वटारचे दिगूकाका, केळी आणि पानवेलींच्या वाडीचे मालक, शिवाय कॅमेऱ्याचेही. त्यांचा शेजारी फ्रान्सिस. आणि नालासोपाऱ्यात फ्लॅट घेऊन राहिलेला, मुंबईत नोकरी करणारा मी. नव्वदच्या दशकाची अखेर, कॅमेऱ्यात रोल भरायचे दिवस. दर रविवारी आम्ही तुंगारेश्वरच्या रानात.

तिथं दिगूकाकांना एकदा भेकर दिसलं होतं. लहानसं, तांबूस हरीण, कुत्र्यासारखं भुंकणारं. घरी येऊन त्यांनी काकींना हे सगळं वर्णन करून सांगितलं.

काकी म्हणाल्या, "भुंकत होतं ना? मग कुत्रंच होतं."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक. त्यांनी निकालच देऊन टाकला: मिरगाचा पाऊस लागायच्या आत हरणाचा फोटो घरात आला नाही, तर कॅमेरा त्यांच्या भाच्याला, राजूला. राजू लग्नाचे फोटो काढायचा. काकींचं म्हणणं, "त्यात निदान माणसं तरी दिसतात."

दिगूकाकांचा जीव त्या कॅमेऱ्यात. तो गेला तर हा माणूस झुरणीला लागेल, हे आम्हाला दिसत होतं.

*

एकदा आम्ही कामणच्या बाजूनं रानात शिरायचं ठरवलं. वाटेत लांबच्या टेकाडावर काहीतरी हललं, म्हणून काकांनी एका शेताच्या बांधावर ट्रायपॉड उभा केला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

पाच मिनिटांत गाव जमा. तीन पायांवर काहीतरी ठेवून माणूस एक डोळा मिटून बघतोय, म्हणजे जमिनीची मोजणी! एकानं चहा आणला, दुसऱ्यानं खुर्ची. आम्ही "हरीण, हरीण" म्हणतोय, तर एक म्हातारा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सायेब, हरनाचा राहू दे. माझी हद्द त्या आंब्यापरेंत लिवा."

तेवढ्यात त्याचा भाऊ आला. आंबा त्याचा होता. दोघांची जी जुंपली, ती सोडवण्यात आमचा दिवस गेला.

*

फ्रान्सिसची अडचण निराळी. चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवलेली त्याच्या आईला चालायची नाही. मग तो मिस्सा आटपून, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून थेट रानात यायचा. तोवर सगळी जनावरं झोपायला गेलेली असायची.

शेवटी त्यानं मिस्सा बुडवायला सुरुवात केली. आईनं घरी भांडण केलं नाही. तिनं चर्चमध्ये सगळ्यांनी करायच्या प्रार्थनेसाठी हेतू लिहून दिला आणि फादरनी तो वाचूनही दाखवला: "आपल्या फ्रान्सिसला लवकर हरीण दिसावं आणि त्यानं पुन्हा मिस्साला यावं."

सगळं चर्च एका सुरात म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

*

पुढे दिगूकाकांनी कुठंतरी वाचलं, की जनावरं टिपायची तर फांद्यांचा आडोसा करून आत बसावं. आम्ही पाणवठ्याजवळ फांद्या रचून झकास आडोसा केला. काकांची ताकीद होती, काही झालं तरी तोंडातून आवाज काढायचा नाही.

थोड्या वेळानं लाकूडफाट्याला आलेली एक बाई तिथं पोचली. आयती तोडलेली लाकडं बघून तिनं एकेक फांदी उचलून मोळी बांधायला घेतली. आम्ही गप्प. काका ओठांवर बोट ठेवून आमच्याकडेच डोळे वटारतायत. उजवी बाजू गेली, डावी गेली. शेवटची फांदी उचलली, तर आत आम्ही तिघं उकिडवे बसलेले.

तिनं शांतपणे आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तिघांचा पन एकदम पोट बिघाडला?"

*

आमचे रोल तुळिंजच्या एका लॅबमध्ये धुवायला जायचे. एकदा अख्ख्या रोलचे तीनच प्रिंट हातात आले, तिन्हीत आम्ही डबे खातोय.

"बाकीचे?"

"बाकीच्यात माणूसच नव्हता ना," लॅबवाला म्हणाला. "नुसती झाडं. चुकून बटण दाबलं गेलं असेल. तुमचा खर्च वाचवला."

त्याला समजावणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून काकांनी तोड काढली: प्रत्येक फोटोत कोपऱ्यात फ्रान्सिसनं उभं राहायचं. त्या वर्षीचे आमचे सगळे फोटो तसेच आहेत. सशाच्या फोटोत ससा नाही, फ्रान्सिस आहे.

*

आणि मे महिन्यात भेकर आलं.

त्या दिवशी फ्रान्सिस मागं राहिला होता. पाणवठ्यावर आम्ही दोघंच. ते पाणी प्यायलं, मान वर करून, कान टवकारून सरळ आमच्याकडे बघत राहिलं. काका बटण दाबत गेले. रोल संपला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. घरी येऊन त्यांनी रोल गुंडाळून काढला. फिल्मची शेपटी नव्या रोलसारखी बाहेर राहिली, तो तसाच कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी राजूच्या बहिणीचं लग्न. राजूचा कॅमेरा ऐनवेळी बिघडला. त्यानं काकींना विचारून काकांचा नेला, बॅगेसकट. शेपटी बाहेर आलेला रोल त्याला कोरा वाटला. भेकराच्या रोलवर त्यानं आख्खं लग्न काढलं.

काकांना हे कळलं तेव्हा रोल लॅबमध्ये गेलेला होता. त्यांनी दोन दिवस जेवण सोडलं.

मग फोटो आले. मिरग तोंडावर होता. काकींनी पाकीट उघडलं, आम्ही तिघं समोर उभे. प्रत्येक फोटोत माणसं होती, त्यामुळे लॅबवाल्यानं एकूण एक प्रिंट काढले होते. स्टेजवर नवरा, नवरी, आहेर घेऊन आलेली मंडळी. आणि सगळ्यांच्या मधोमध, सोफ्यात पाय रोवून, कान टवकारून, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारं भेकर.

काकींनी फोटो उजेडात धरला. चष्मा पुसून परत पाहिला.

"हरीणच आहे," त्या म्हणाल्या. "कॅमेरा राहू दे तुमच्याकडे. पण आता रविवारचं रानात जायचं काही कारण नाही. घरीच बसा. ते येतंय की."