पेपरालाही तीट

"काही होनार तर नाही ना, ताई?" हे विचारल्याशिवाय आमचे ऑटोवाले भाऊ माझ्या दुकानाची पायरी उतरत नसत. आभाळ आलं तरी तेच, नुसती काडेपेटी घेतली तरी तेच. एकदा वैतागून मी म्हटलं, "होनार हाये. भूकंप होनार हाये. जा आता, पोरं वाट पाहून राह्यले." तर माणूस खरंच थबकला हो!

बाभुळगावात माझं जनरल स्टोअर्स आहे आणि त्याला लागूनच भाऊंचं घर होतं. अंगानं धिप्पाड. मिशा तर अशा, की रडतं पोर पाहताक्षणी गप्प व्हावं. शाळेच्या पोरांची ने-आण करायचे. बायको अंगणवाडीत मदतनीस, ती लवकर निघायची, म्हणून पोरीची वेणी भाऊच घालायचे. वाकडी का होईना, पण घालायचे. वेणी झाली की माझ्याकडच्या काजळाच्या डबीत बोट बुडवून तिच्या कानामागं तीट लावायची. मग ऑटो सुरू.

पोरगी, समी, होतीच तशी. दुसरीत असताना तिनं बापाला सांगितलं, पोरं उलट्या बाजूनं घेत आणली तर दवाखान्याच्या गल्लीत दोनदा शिरावं लागत नाही. भाऊंनी करून पाहिलं, आणि पेट्रोल वाचलं की! मी म्हटलं, "काय हुशार लेकरू हाये, बाई!" भाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं, जशी काही मी शिवीच दिली. "नाही जी, साधारनच हाये." आणि लगेच काजळाची नवी डबी मागितली.

पण खरी गंमत पुढंच आहे. ही समी दर परीक्षेत एक गणित चुकायची, तेही अगदी सोपं. शाळेतल्या बाई चक्रावून गेल्या होत्या. एकदा खोडरबर घ्यायला आली तेव्हा मीच विचारलं, "काहून चुकते वं?"

ती सहज म्हणाली, "बाबा म्हनते, पेपरालेबी तीट पाह्यजे. पुरे मार्क घेतले का नजर लागते."

मी कपाळावर हात मारला. आता तुम्हीच सांगा, अशा बापाला काय म्हणावं?

समी चौथीत गेली तेव्हा बाईंनी भाऊंना बोलावून घेतलं. तल्लख डोक्याच्या माणसांची म्हणे एक संस्था असते. तिची परीक्षा नागपुरात होते, पास झालं की सभासद करून घेतात. समीला बसवाच, असं बाईंचं म्हणणं. भाऊ तिथून थेट माझ्या दुकानात आले. घामानं डबडबलेले.

"नाही पास झाली तर तिले वाटन, आपन ढ हावो. अन् झाली तर?"

"झाली तर पेढे वाटा!"

"तसं नाही ना, ताई. मंग ते पोरगी माह्याशी काय बोलन?"

मला ती परीक्षाच पटली नव्हती. पोराचं डोकं काय कापड आहे, मीटर लावून मोजायला? मी म्हटलं, "राहू द्या. हुशारी काही पळून नाही जात." भाऊंचा जीव भांड्यात पडला.

पण समीनं आम्हा दोघांची बोलती बंद केली. ऑटोतली पोरं आता तिला कोडी घालत नसत. हिला सगळंच आधी येतं, मग मजा काय? ती पुढं बापाजवळ गप्प बसून जायची. त्या दिवशी माझ्यासमोरच तिनं विचारलं, "बाबा, त्या संस्थेत माह्यासारखं असन का कोनी?"

भाऊ तसेच उठले आणि बाईंकडं जाऊन परीक्षेला तिचं नाव देऊन आले. नेहमीचा प्रश्नसुद्धा विचारला नाही.

परीक्षेच्या दिवशी मी डबा घेऊन एसटी स्टँडवर गेले. भाऊंनी काजळाची डबी काढली, तशी समीनं विचारलं, "आज कोनतं चुकवू, बाबा?"

भाऊंचं बोट डबीतच राहिलं. बस लागली होती. मग म्हणाले, "आज नको चुकवू. सगळं बरोबर लिहिजो."

"मंग नजर लागन!"

भाऊंनी क्षणभर विचार केला आणि भर स्टँडवर ते काजळ स्वतःच्याच गालाला फासलं. "हे पाह्य. तुह्या वाटची मी लावून घेतली." कंडक्टर हसला, लोक वळून पाहू लागले. भाऊंना त्याचं काही नव्हतं. तेवढा मोठा मिशाळ माणूस गालावर काळा ठिपका घेऊन नागपूरला गेला.

समी पास झाली. पुढं तिच्या शाळेसाठी भाऊंनी घर नागपूरलाच हलवलं. शेजारच्या घराला आता कुलूप असतं. काजळाच्या डब्या माझ्याकडं तशाच पडून आहेत.

परवा फोन आला. "ताई, त्या संस्थेच्या पोरायची बैठक हाये. मी भाईर बसून हावो. आतून समीचा आवाज येऊन राह्यला. लय हासून राह्यली जी. अशी हासताना मी तिले कधी पाह्यलं नोतं."

"मंग चांगलंच झालं ना, भाऊ!"

"चांगलंच झालं. पन कायले हासून राह्यली, ते नाही समजलं मले." मग हळूच म्हणाले, "काही होनार तर नाही ना, ताई?"

नजरबिजर मी काडीइतकी मानत नाही. तरी विचारून बसले, "गालाले लावली ना?"

"लावली जी," भाऊ म्हणाले. "रोजच लावतो."