भाऊजींची पेटंट औषधं

आमच्या भाऊजींइतका स्वतःच्याच औषधांचा वैरी साऱ्या कर्जत-खालापुरात सापडला नसता. माझे हे धाकटे दीर मुंबईला औषधांच्या कारखान्यात रसायनं जुळवीत. महायुद्धात मुंबई रिकामी होऊ लागली, तसे काचेच्या नळ्यांची पेटी घेऊन ते कडावला आमच्याकडे आले आणि माझं अर्धं फडताळ बळकावून बसले. घोटाळा नको म्हणून माझ्या गोड्या मसाल्याच्या बरणीवरही त्यांनी ‘चाखू नये’ अशी चिठ्ठी डकवली. पाहुण्यांनी ती वाचली आणि आमटीला हात लावला नाही. भाऊजी स्वतः मात्र दिसेल ती पूड जिभेवर ठेवून बघत. त्यांच्या तीन औषधांना पेटंट मिळालं होतं. कुणी कौतुक केलं की अवघडून म्हणत, “पेटंट म्हणजे हे आधी दुसऱ्या कुणी केलेलं नाही, एवढंच. गुण येतो असं त्यात कुठं लिहिलंय?”

त्या भादव्यात ह्यांना हिवताप झाला. लढाईमुळे क्विनीन कर्जतलाही मिळेना. तिसऱ्या दिवशी हे मला ओळखेनात. भाऊजींचं एक औषध हिवतापावरचंच होतं, पण आजवर फक्त उंदरांना दिलेलं. शेजारच्या म्हाताऱ्या ठकूबाईला राहवेना. “दवा घरात हाय, मंग देत का नाय रं?” ह्यांना द्यायचं त्याच्या दुप्पट औषध भाऊजींनी पाण्यात कालवलं आणि स्वतः पिऊन टाकलं. माझ्या हाती घड्याळ देऊन म्हणाले, “वहिनी, दर अर्ध्या तासानं माझी नाडी मोजा. शंभरावर गेली, तर दादाला हे द्यायचं नाही.”

दुपारी त्यांचे कान वाजू लागले, हात कापू लागले. आतून ह्यांचं बरळणं येई. ते थांबलं की मी आत जाऊन ह्यांचा श्वास चालू आहे ना ते बघून येई. दिवेलागणीला मी शेवटची नाडी मोजली.

“किती?”

“ब्याऐंशी,” मी म्हणाले.

त्यांनी ह्यांना औषध पाजलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि आठवड्यात गावोगावचे रोगी आमच्या ओट्यावर येऊन बसले. भाऊजींनी हात जोडून सगळ्यांना परत पाठवलं. म्हणाले, भावाच्या जिवाशी खेळलो, तुमच्या नाही खेळणार. पुढं ते पेटंटही त्यांनी सोडून दिलं. त्यांचा डावा कान त्या दिवसापासून गेला तो गेलाच.

नाडी एकशेदहा होती. हे पुढं पुष्कळ जगले, पण ही गोष्ट मी ह्यांनाही सांगितली नाही. भाऊजींना मात्र एकदा सांगितली. त्यांच्या डाव्या बाजूला बसून, अगदी हळू.