कोणाच्या इच्छेने?

धामणगाव बढे आणि आसपासच्या खेड्यांत सिंधूताईंना नावाने हाक मारणारं माणूस विरळाच. सगळ्यांसाठी त्या ‘सिस्टर’. उपकेंद्रात बावीस वर्षं नर्स म्हणून काढलेली. बाळाची लस असो की बाळंतिणीची तपासणी, सिस्टर दारात यायच्या. पण त्यांची खरी ख्याती होती ती कागदाबद्दल. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला बाई तयार झाली, की संमतीपत्र त्या आधी वाचून दाखवत, मग समजावत, मग म्हणत, “आता तुले काय समजलं, ते तू मले सांग. मंग अंगठा.” डॉक्टर घाई करत, पण सिस्टर हलत नसत. एकदा एका सासूने सुनेचा हात धरून अंगठा कागदावर टेकवायला घेतला, तेव्हा सिस्टरनी तो कागदच ओढून घेतला होता. “अंगठा तिचा, पोट तिचं. तुमचं काय काम?”

अशा बाईला कोणी कागदात फसवेल, असं गावात कोणाला वाटलं नसतं. त्यांना स्वतःलाही नाही.

त्यांचे यजमान किसनराव एसटीत ड्रायव्हर होते. अठ्ठावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. मग काचबिंदूने नजर गेली आणि स्टेअरिंग सुटलं. फिरतीच्या खेड्यांना ऑटो मिळेना, म्हणून सिंधूताईंनी सत्तेचाळिसाव्या वर्षी जुनी पांढरी कार घेतली आणि किसनरावांना शेजारी बसवून शाळेच्या मैदानावर शिकल्या. “क्लच हळू सोड, सिंधू. गाडी आहे, म्हैस नाही,” किसनराव ओरडायचे. तीन महिन्यांत बाई मोताळ्याच्या बाजारातून गाडी काढायला लागली.

गाडीचा विमा शेखरने उतरवला. मोताळ्याचा एजंट, तोंडाने गोड. घरी आला, चहा प्यायला, म्हणाला, “सिस्टर, दुसरे घेतात त्याच्यापेक्षा नऊशे रुपये कमी. तुमच्यासाठी म्हणून.” दुसऱ्या दिवशी लसीकरण चालू असताना त्याचा फोन आला. एका हातात सिरिंज, मांडीवर रडणारं पोर. “सिस्टर, मोबाईलवर नंबर आला असंल, तेवढा सांगा.” त्यांनी सहा आकडे वाचून सांगितले आणि पोराच्या दंडाकडे वळल्या.

त्यानंतर पाच महिन्यांनी पोलिओच्या रविवारी त्या सकाळीच बूथवर निघाल्या होत्या. थंडी होती, रस्त्यावर धुकं होतं. तुरीच्या वावरातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून थेट बोनेटवर आला. सिंधूताईंना खरचटलंही नाही, पण बोनेट, दिवा आणि रेडिएटर गेले. शेजारच्या वावरातल्या माणसाने त्यांना मोटारसायकलवर बूथपर्यंत सोडलं. पोलिओचे डोस वेळेवर सुरू झाले.

गॅरेजचं बिल एकवीस हजार झालं. कंपनीचा सर्व्हेअर नुकसान पाहून गेला. पंधरा दिवसांनी मोबाईलवर कंपनीचा संदेश आला: मंजूर रक्कम तीन हजार.

सिंधूताईंनी संदेश चारदा वाचला. मग शेखरला फोन लावला.

“सिस्टर, जुन्या पार्टची घट दोन हजार,” तो म्हणाला. “एक हजार तर सगळ्यायलेच सोसावे लागतात, तो नियम आहे. आन् पंधरा हजार तुमची व्हॉलंटरी वजावट.”

“माही कायची?”

“व्हॉलंटरी. म्हणजे नुकसान झालं तर पहिले पंधरा हजार मी भरीन, असं तुमी मान्य केलं. म्हनून तर प्रीमियम नऊशेनं उतरला. वजावट मोठी घेतली की प्रीमियम लहान, वजावट लहान की प्रीमियम मोठा.”

“मले काऊन नाई इचारलं मंग?”

“ओटीपी तुमीच देला ना, सिस्टर.”

त्यांनी फोन ठेवला. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण जाळत होता तो एक शब्द. व्हॉलंटरी. म्हणजे स्वेच्छेने! हा शब्द सरकारी फॉर्मवर त्यांनी हजारदा वाचला होता आणि हजार बायांना त्याचा अर्थ सांगितला होता. आणि त्यांच्याच नावापुढे तो कोणीतरी परस्पर चिकटवला होता. नऊशे वाचवायला पंधरा हजारांचा धोका कोणी डोळे उघडे ठेवून घेईल का?

किसनराव म्हणाले, “सोड ना आता. नंबर तूच सांगतला.”

“हाव, सांगतला. ते माही चूक, मी कबूल करतो. पन नंबर सांगनं म्हणजे इच्छा सांगनं होते काय? माह्याकडं येनाऱ्या बाईनं नुसता अंगठा देला, तर मी तिले टेबलावर झोपवतो का?”

किसनराव म्हणाले, “लिही मंग अर्ज.”

त्यांनी कंपनीला लिहिलं. महिन्याने दोन ओळींचं उत्तर आलं: ग्राहकाने ओटीपीद्वारे संमती दिली आहे. त्यांनी पॉलिसीची प्रत मागितली. ती त्यांना कधी मिळालीच नव्हती. प्रत आली, तेव्हा उपकेंद्रातल्या आशा कार्यकर्ती छायाला शेजारी बसवून त्यांनी ओळ न् ओळ वाचली. पत्ता बरोबर, गाडीचा नंबर बरोबर. पण ईमेल शेखरचा. मोबाईल नंबर तेवढा त्यांचा, ओटीपी यावा म्हणून. म्हणजे कागद पाठवला तो ज्याने फसवलं त्यालाच!

छायाने आपल्या नवऱ्याच्या गाडीची पॉलिसी शोधून आणली. तिथेही पंधरा हजार, तिथेही शेखरचाच ईमेल. छाया डोक्याला हात लावून बसली. सिंधूताई मात्र ताठ उठल्या.

त्यांनी विमा लोकपालांकडे तक्रार केली, छायाचा कागद सोबत जोडून. सुनावणी मोबाईलवर, व्हिडिओवर झाली. कंपनीचा माणूस टाय लावून पुन्हा ओटीपीचंच पालुपद लावत होता. सिंधूताईंनी एवढंच विचारलं, “साहेब, पंधरा हजार मी भरीन, हे मले कोन्या भाषेत, कोन्या तारखेले, कोनं सांगतलं, तेवढं यायनं दाखवावं. आन् कागद माह्या पत्त्यावर का नाई आला, तेही.”

टायवाल्याने कागद चाळले. दाखवायला काही नव्हतं.

निकाल दीड महिन्याने आला. वजावटीच्या पंधरा हजारांतून वाचवलेले नऊशे कापून उरलेली रक्कम सिंधूताईंना द्यावी, असा. गावात लोक अभिनंदन करायला आले, एकाने तर पेढे मागितले. सिंधूताई कडाडल्या, “पेढे कायचे? माहेच पैसे मले भेटले. त्याच्यासाठी सहा महिने लागले. जिले लिहिता येत नाई, तिनं काय करावं?” शेखर अजून मोताळ्यात तसाच फिरत होता, कोणाच्या तरी घरी चहा पीत होता. हेच त्यांना सहन होत नव्हतं. त्यांनी छायाचाही अर्ज लिहून दिला. मग आणखी तिघांचा. प्रत्येक अर्जात शेखरचं नाव त्यांनी ठळक लिहिलं.

विम्याची मुदत संपायला आली, तेव्हा त्या किसनरावांसोबत बुलढाण्याला दुसऱ्या कंपनीच्या कार्यालयात गेल्या. काउंटरवर पायल नावाची तरुण मुलगी होती. तिने सरळ विचारलं, “व्हॉलंटरी वजावट घ्यायची का? पंधरा हजारांची घेतली तर प्रीमियम कमी होईल.”

किसनराव म्हणाले, “चांगला हात असला, जवळ पैसा शिल्लक असला, तर मोठी वजावट वाईट नाई. तू चालवतेस बी चांगली.”

“रोही हात पाहून येते का?” सिंधूताई म्हणाल्या. “मले नको. नियमाचे एक हजार तेवढे.”

“ओके, मॅडम. मोबाईलवर ओटीपी आला असेल.”

“आला. पन अगोदर पूर्ण कागद मराठीत सांग, पोरी.”

मागे सहा माणसं उभी होती. कोणीतरी घड्याळ पाहिलं, कोणीतरी खाकरलं. पायल पहिल्या ओळीपासून सांगू लागली आणि सिंधूताई प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ऐकत राहिल्या.