कांबळे सरांसाठी ॲम्प शोधताना

एखादी वस्तू पटकन मिळाली की तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही. टीव्ही मागवला, दोन दिवसांत आला, भिंतीवर लागला, संपला विषय! आम्ही तिघांनी मात्र एक ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, शोधायला घेतला आणि वर्षभर शोधतच राहिलो. ॲम्प मिळाला एकच. किस्से इतके झाले की आता नेरूळला चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "तो दुकानातला सांग ना!" मग त्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. म्हणून म्हटलं, एकदाचे सगळे सांगून टाकू.

तिघं म्हणजे कांबळे सर, इक्बालभाई आणि मी. कांबळे सर मूळचे मंडणगडकडचे. इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले. माउथ ऑर्गन असा वाजवतात की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार होतो. इक्बालभाई उरणचे. नेरूळला त्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, आणि ते सरांना बोंगोवर साथ करतात. मी ऐरोलीला एका कंपनीच्या बॅक ऑफिसात आहे. सरांकडे माउथ ऑर्गन शिकतो. नऊ वर्षं झाली. अजून शिकतोच आहे!

झालं असं, की सरांना न्यूमोनिया झाला. त्यातून बरे झाले, पण दम गेला. पूर्वी माइक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचायचे, आता समोरच्या खुर्चीपर्यंत पोचेनात. सरांनी कार्यक्रम घेणं बंद केलं. माउथ ऑर्गनची डबी महिनाभर कपाटातून बाहेर आली नाही. आम्ही भेटायला गेलो की हवापाण्याच्या गप्पा मारायचे. शेवटी इक्बालभाईंनीच निकाल दिला.

"दम कमी पडतोय ना, सर? मग आपण दम विकत आणू!"

* * *

पण त्याआधी एकदा साध्या माइकवर प्रयत्न करून बघू, असं सर म्हणाले. सीवूड्सच्या एका सोसायटीचा वर्धापनदिन होता. स्टँडवरचा माइक, निवेदन करणाऱ्या बाईंच्या आवाजाला लावलेला. सरांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत माउथ ऑर्गन धरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज आला तो जेमतेम. शेजारचा कूलर जास्त सुरात होता.

पहिली धून निम्मी झाली असेल. तिसऱ्या रांगेत एक बाई घाबरून उठल्या. सेक्रेटरी धावत स्टेजवर आले, सरांच्या पाठीवर हात फिरवायला लागले.

"काका, घाई नका करू. पंप नीट ओढा. कार्यक्रम काय, नंतर पण होईल."

"अहो, ते वाजवतायत!" मी ओरडलो.

सेक्रेटरींनी सरांच्या ओंजळीत वाकून बघितलं. "असं होय! आम्हाला वाटलं दम्याचा ॲटॅक आला."

 रिक्षातून उतरताना सर एवढंच म्हणाले, "ॲम्प बघा. माझ्या पेन्शनीत बसेल असा. मुलाकडे मागणार नाही."

* * *

शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कंप्युटरवर बसतो. मी एक्सेल शीट केलं. वॅट किती, वजन किती, स्पीकर केवढा, जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा की नव्या सर्किटचा, शिट्टी मारतो का, रिक्षात मावतो का. चांगलं ते हिरवं, वाईट ते लाल, डाउट असेल ते पिवळं. परदेशातले लोक काय लिहितात ते ऑफिसच्या लंच टायमात वाचायचो. सगळ्यांचं म्हणणं एकच: छोटा, जुना, व्हॉल्व्हचा ॲम्प घ्या, माउथ ऑर्गन त्यातच गोड लागतो. आणि सगळ्यांची पुढची ओळही एकच: माझ्याकडे आहे तो आता मिळत नाही!

चार महिने हे चाललं. शेवटी लॅपटॉप घेऊन सरांकडे गेलो. सरांनी चष्मा लावला, शीट वरपासून खालपर्यंत सावकाश बघितलं. मी श्वास रोखून उभा.

"रंगसंगती चांगली जमलीय," सर म्हणाले.

* * *

मग आम्ही तिघं वाशीला वाद्यांच्या दुकानात गेलो. केसांचा बुचडा बांधलेला सेल्समन पुढे आला.

"गिटार आणलीय का सर?"

"नाही."

"बेस?"

"नाही."

सरांनी शर्टाच्या खिशातून माउथ ऑर्गन काढला. सेल्समननं तो बघितला, मग आमच्यामागे अजून कोणी येतंय का ते बघितलं.

माउथ ऑर्गनसाठी एक वेगळा माइक असतो. बटाट्याएवढा, गोल. तो माउथ ऑर्गनसकट मुठीत धरायचा. इक्बालभाईंनी तो कुठून तरी मिळवला होता. तो ॲम्पला जोडला. सेल्समननं गिटारवाल्यांना लागतं तसं, सवयीनं सगळी बटणं उजवीकडे फिरवून ठेवली. सरांनी माइक मुठीत धरला मात्र, ॲम्पनं अशी शिट्टी मारली की शेजारच्या खोलीतला कीबोर्डचा क्लास बंद पडला! एका गिऱ्हाइकानं हातातली बासरी खाली टाकली. सेल्समन बटणं शोधेपर्यंत इक्बालभाईंनी भिंतीतला प्लगच उपटला.

 सेल्समन सरांकडे बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांत आता खरा आदर होता.

"सर, असा फीडबॅक काढायला आमची पोरं वर्ष वर्ष घासतात!"

"मी अजून फुंकलं नव्हतं," सर म्हणाले.

* * *

ऑफिसमध्ये माझ्या ॲम्पच्या शोधाची कीर्ती पसरली होती. एकदा ऑनलाइन मीटिंगच्या आधी बॉस म्हणाले, "अरे, जरा वाजव की, ऐकू तरी दे." मी ड्रॉवरमधून माउथ ऑर्गन काढला आणि जीव ओतून वाजवला. नऊ वर्षांत एवढं बरं कधी वाजवलं नव्हतं. डोळे उघडले तर स्क्रीनवर सगळे तसेच बसलेले. मागाहून कळलं, त्या सॉफ्टवेअरला गोंगाट गाळायची सोय आहे. ट्रॅफिक, कुत्रे, मिक्सर आणि मी, सगळं गाळलं गेलं होतं.

बॉस म्हणाले, "मस्त! लाइन एकदम क्लिअर आहे. काहीच ऐकू येत नाहीये!"

* * *

दुकानातले परवडेनात, म्हणून सेकंडहँड बघायला लागलो. ऐरोलीला एक रॉक बँडवाला त्याचा ॲम्प विकायला काढत होता. लग्न ठरलं होतं त्याचं. "हिला आवाज सहन होत नाही," म्हणाला. भाव इतका कमी सांगितला की तेव्हाच शंका यायला हवी होती. प्रत्यक्षात तो ॲम्प म्हणजे फ्रिज होता! आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमधून तो एकटा वर गेला, आम्ही जिन्यानं.

सरांच्या घराला लिफ्ट नाही, म्हणून ट्रायल माझ्याकडे. आवाजाचं बटण एकवर ठेवलं तर काहीच नाही. एकच्या किंचित पुढे सरकवलं तर ट्यूबलाइट थरथरली. त्या दोहोंच्या मधलं काही त्या ॲम्पला माहीतच नव्हतं. सर म्हणाले, हळुवार काहीतरी वाजवून बघू. त्यांनी एक अंगाई घेतली.

दोन मिनिटांत बेल वाजली. खालच्या मजल्यावरची वहिनी, कडेवर रडणारं बाळ.

"अहो, ड्रिलिंगचं काम अजून किती दिवस? बाळ झोपत नाहीये."

आमच्या हिनं दारातूनच शांतपणे सांगितलं, "ड्रिलिंग नाही. अंगाई आहे."

गिऱ्हाईक मिळेपर्यंत दोन महिने तो ॲम्प आमच्या हॉलमध्ये होता. हिनं त्याच्यावर टेबलक्लॉथ घातला, वर फुलदाणी ठेवली. शेवटी ज्यानं नेला त्यानं टेबलक्लॉथपण मागितला!

* * *

एव्हाना सर म्हणायला लागले होते, "सोडून द्या. झालं तेवढं पुष्कळ झालं." ते ऐकून इक्बालभाई बिथरले. त्यांची करावे गावातल्या भोईरांशी जुनी ओळख. भोईरांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. एका रविवारी सकाळी इक्बालभाई आम्हाला त्यांच्या गोडाऊनमध्ये घेऊन गेले. खुर्च्यांच्या थप्पीमागून भोईरांनी एक पत्र्याचा डबा ओढून काढला. आत काचेचे व्हॉल्व्ह, वर उंदराचं घरटं.

"माज्या बापाच्या टायमाचा हाय," भोईर म्हणाले. "आता कोन इचारतंय याला? डीजेवाली पोरा हसतान."

इक्बालभाईंनी तो दुकानात नेला. आठवडाभर गिऱ्हाइकांना पंखे विकले नाहीत, फक्त सोल्डरिंगचे डाग लावत बसले. वायरी बदलल्या, एक छोटा स्पीकर बसवला. मग भोईरांना बोलावलं, सरांना बोलावलं. सरांनी माइक मुठीत धरला आणि एकच सूर लावला, अगदी कमी दमात.

तो आवाज कसा सांगू! जाडसर, किंचित खरखरीत, एखादा माणूस छातीतून बोलतो तसा. शिट्टी नाही, थरथर नाही. सरांनी माउथ ऑर्गन खाली घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. इक्बालभाई पाठ फिरवून उगाच स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले.

किंमत विचारली तर भोईर म्हणाले, "पैशे नको मना. पोरीची हलद हाय. तवा वाजवा, मंग खुशाल न्या."

* * *

आता करावे गावातली हळद म्हणजे काय! एका बाजूला बँजो पार्टी, दुसऱ्या बाजूला डीजे, आणि दोघांच्या मध्ये संध्याकाळी पंधरा मिनिटं कांबळे सर. पहिली धून छान झाली. बायका हळद लावायची थांबल्या. सरांनी टाळ्या घेतल्या, घाम पुसला. तेवढ्यात ॲम्प आपणहून बोलायला लागला.

"शेतकरी बंधूंनो, या आठवड्यात भाताच्या रोपांना..."

रेडिओ! माइकची वायर लांब पडली होती, तिनं एरियलसारखं स्टेशन पकडलं. कोणी बाई अगदी मनापासून खताचं प्रमाण सांगत होती. इक्बालभाई ॲम्पवर थापा मारतायत, मी वायर गुंडाळतोय, आणि अख्खा मंडप शांतपणे ऐकतोय. पुढच्या खुर्चीत भोईरांचे म्हातारे काका बसले होते. काठी टेकत ते उठले आणि ॲम्पसमोर येऊन उभे राहिले.

"बाय, कंच्या शेतान टाकू खत? शेतान मॉल उबा हाय!"

मंडप फुटला हसून. काका मात्र हसले नाहीत. उत्तर येईल म्हणून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

* * *

आणि हा शेवटचा. आजारपणानंतर सरांचा पहिला पूर्ण कार्यक्रम नेरूळच्या ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये झाला. वेळ संध्याकाळी पाचची. इक्बालभाईंनी वायर आखूड करून आणली होती. मी ॲम्प स्टेजच्या कडेला, स्पीकर लोकांकडे करून ठेवला. सर आले, त्यांनी तो उचलून पार डावीकडे नेला आणि पहिल्या रांगेतल्या टोकाच्या खुर्चीकडे तोंड करून ठेवला.

"सर, लोक मध्ये बसलेत," मी म्हटलं.

"असू दे."

थोड्या वेळानं काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, येऊन त्या खुर्चीत बसल्या. काकूंना गेली काही वर्षं ऐकू येत नाही. कानाचं मशीन घेतलंय, पण ते ड्रॉवरमध्ये असतं. त्यात म्हणे फक्त पंखा ऐकू येतो. घरी सर त्यांच्याशी कागदावर बोलतात. दुधी आणायचा असेल तर दुधीचं चित्र काढतात. काकू प्रत्येक कार्यक्रमाला येतात, पहिल्या रांगेत बसतात, आणि शेजारच्यांनी टाळ्या वाजवल्या की वाजवतात.

तिसऱ्या नंबरला सरांनी त्यांची स्वतःची धून घेतली. तरुणपणी बांधलेली, चार ओळींची. आम्हा विद्यार्थ्यांना पहिली तीच शिकवतात. नऊ वर्षांत मी ती किती वेळा ऐकली असेल, गणती नाही. सर झोपेतसुद्धा ती चुकणार नाहीत.

तिसऱ्या ओळीत सर चुकले. सूर वर जायचा तिथे खाली आला. इक्बालभाईंचा बोंगोवरचा हात अडखळला, त्यांनी माझ्याकडे बघितलं. हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. सरांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तिसऱ्या ओळीत पुन्हा तेच, सूर खाली. सरांचे डोळे नेहमी मिटलेले असतात. आज उघडे होते, आणि डावीकडे, टोकाच्या खुर्चीवर लागले होते.

"अहो!"

ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्यानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात काकू ओरडल्या. "अहो, काय वाजवताय? वर जायचंय तिथे, वर! दोनदा चुकलात!"

सर हसले. माउथ ऑर्गन तोंडालाच होता आणि माइक मुठीत, त्यामुळे ते हसणं ॲम्पमधून बाहेर आलं आणि पार शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.