वर कोणी नाही

हजारो माणसांचे कार्यक्रम उभे करणाऱ्या त्या बड्या कंपनीत त्याला सगळे मुकादम म्हणत. दिवे लटकवायची लोखंडी चौकट मोटरने वरखाली करायची, तर शेवटचा शब्द त्याचा. नियम साधा होता. वर चढणाऱ्याने स्वतःच्या नावाचा बिल्ला फळ्यावर लावायचा, उतरल्यावर स्वतःच काढायचा. फळा रिकामा झाल्याशिवाय मोटर चालू करायची नाही. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, मग तो सख्ख्या भावाचा का असेना.

मुकादमाने हात लावला होता, तोही बायकोच्या भावाच्या बिल्ल्याला. त्याला सात वर्षं झाली. दाराशी गाड्या खोळंबल्या होत्या, साहेब डोक्यावर बसले होते, आणि मेव्हण्याचं हिरवं जाकीट त्याला चहाच्या टेबलापाशी पाठमोरं दिसलं. "बिल्ला काढायला विसरला, गाढव," असं पुटपुटत त्याने तो काढून खिशात टाकला आणि ओरडला, "वर कोणी नाही." मोटर सुरू झाली. वर उकडतं म्हणून मेव्हण्याने जाकीट खालीच ठेवलं होतं. ते भलत्याच कोणीतरी अंगावर चढवलं होतं. मेव्हणा वर होता.

चौकशीत फळा कोरा निघाला. अहवालात आलं, मयत कामगार बिल्ला लावायला विसरला. मुकादमाने चकार शब्द काढला नाही. पहिल्या दिवशी धीर झाला नाही, आणि मग रोजच उशीर होत गेला.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायला आल्या. आल्यागेल्याला सांगायच्या, "आमचा पोरगा पहिल्यापासून विसराळू. त्याच्यापायी जावईबापूंना किती मनस्ताप झाला." हा मान खाली घालून बसायचा. कामावर वरची माणसं मोजायला गेला की एक जास्त भरायचं. आठ चढलेले, मोजले की नऊ. नववा पाठमोरा, बिनजाकिटाचा. मग काहीतरी खुसपट काढून तो मोटर थांबवायचा. लोक म्हणायचे, मुकादम फार काळजी घेतो. काळजी कसली, त्याची पाचावर धारण बसलेली असायची.

परवा कंपनीने नव्या भरतीला धडे द्यायला त्यालाच उभं केलं. पडद्यावर मेव्हण्याचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, 'हा विसरला.' त्याला राहवलं नाही.

"हा विसरला नव्हता. बिल्ला मी काढला," तो म्हणाला, आणि सगळं सांगून मोकळा झाला.

बाहेर प्रशिक्षणाच्या मॅडमनी त्याला गाठलं. त्यांचे डोळे पाणावले होते. "काय सांगितलंत हो! चूक स्वतःवर घेऊन सांगितली की बरोबर काळजाला भिडते. दर तुकडीला असंच सांगा."

"अहो मॅडम, खरंच मीच काढला."

"हो, अगदी असंच," म्हणत त्या पुढच्या वर्गाकडे गेल्यासुद्धा.

जन्मभर देखावे उभारले, आता खरं बोलला तर त्याचाही कार्यक्रम झाला. जिन्यात बसून त्याने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"आई, तुमचा मुलगा विसराळू नव्हता," तो म्हणाला, आणि जाकिटापासून खिशापर्यंत काही न गाळता सांगितलं.



"सात वर्षं मी माझ्या पोराला बोल लावत आले," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही समोर बसून ऐकत होतात."